एन्चिलाडा आणि चीज कॅसरोल घरी: लगदा न होण्यासाठी कामाचा नेमका क्रम

एन्चिलाडा म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत, म्हणजे टॉर्टियात, सारण गुंडाळून मिरचीच्या सॉससह केलेला मेक्सिकन पदार्थ. हेच साहित्य न गुंडाळता थरांत रचून भाजलं की झालं कॅसरोल. घरचा एन्चिलाडा बिघडला की दोष ओव्हनला किंवा चीजला दिला जातो. खरं तर एन्चिलाडा ओव्हनमध्ये शिजत नाही. आत जाण्याआधीच त्यातली प्रत्येक गोष्ट शिजलेली असते. ओव्हनमध्ये फक्त चीज वितळतं आणि कडा थोड्या भाजतात. भांड्यातून लगदा निघाला तर त्याचं कारण बरंच आधी घडलेलं असतं. सॉस पातळ राहिला, सारण ओलं राहिलं, किंवा टॉर्टिया तेलातून न काढता थेट सॉसमध्ये बुडवला. तिन्ही ठिकाणी नको तितकं पाणी आत शिरतं. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर पाणी कुठे अडवायचं आणि ते अडलं की नाही हे कसं ओळखायचं, यावर भर दिला आहे.

प्रमाण चार माणसांसाठी, १२ एन्चिलाड्यांचं आहे. वाटी १५० मिलीची, मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा चमचा ५ मिलीचा धरला आहे.

## सुरुवात आदल्या रात्री

संध्याकाळी सहाला सगळं काढून बसलात तर घाई होते, आणि घाईत नेमकं तळणं आणि आटवणं सुटतं. क्रम असा ठेवा:

आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच ठेवायचा आणि राजमा भिजत घालायचा. सकाळी मका दळून टॉर्टिया भाजून ठेवायचे. दुपारी सॉस आणि सारण. चीज किसणं, तळणं, भरणं आणि भाजणं हे सगळं जेवणाच्या आधीच्या तासाभरात.

टॉर्टिया सकाळी का, असं बरेच जण विचारतात. तव्यावरून उतरलेला गरम टॉर्टिया खायला उत्तम, पण एन्चिलाड्यासाठी तो फार ओला असतो. सहा-सात तास कापडात राहिलेल्या टॉर्टियातली वाफ निघून गेलेली असते. तो तेल कमी पितो आणि सॉसमध्ये फाटत नाही.

## टप्पा १: मका निवडा आणि चुन्यात शिजवा

आधी पिठाचा घोळ मिटवू. किराणा दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून मिळते ती पांढरी, बोटांत करकरणारी पूड म्हणजे मक्याचं निव्वळ स्टार्च. मांचुरियनला ते ठीक, टॉर्टियाला पूर्णपणे निरुपयोगी. मक्याचं पिवळं पीठ गिरणीतून मिळतं, पण त्यात ग्लुटेन नसल्यामुळे ते धरून राहत नाही आणि गुंडाळताना टॉर्टिया मधोमध फाटतो. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्यामुळे दाण्याचं साल सुटतं, सालाजवळचे चिकट घटक मोकळे होतात आणि दळलेलं पीठ एकसंध बनतं. मक्याच्या टॉर्टियाचा ओळखीचा वासही याच चुन्याच्या पाण्यामुळे येतो.

३०० ग्रॅम वाळलेला मका घ्या. मराठवाड्यात सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडे ओळखीच्या शेतकऱ्याकडून चांगला मका सहज मिळतो. निवडताना काळपट, हिरवट बुरशी आलेला एकही दाणा ठेवू नका.

सावध: पेरणीच्या पिशवीतला मका कधीही वापरू नका. त्या दाण्यांना कीडनाशक-बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून त्यांचा रंग गुलाबी, लाल किंवा हिरवट दिसतो. कितीही धुतलं तरी तो मका खाण्याजोगा होत नाही.

पानटपरीवरचा साधा, पांढरा, बिनवासाचा ओला चुना सपाट एक छोटा चमचा घ्या आणि १ लिटर पाण्यात विरघळवा. रंगकामाचा चुना नको. कळीचा चुना घरी विरवण्याचा प्रयोगही नको. तो पाण्यात पडताच उसळतो आणि भाजतो. पातेलं स्टीलचं घ्या. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्याला चुना खातो.

मका त्यात घालून उकळी आणा आणि मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं शिजवा. कुकर लावू नका. कुकरमध्ये दाणा आतपर्यंत मऊ होतो आणि मग पीठ बोटांना चिकटत राहतं.

तपासा: एक दाणा पाण्यात धुऊन चिमटीत चोळला की साल सुटलं पाहिजे. दातांनी तोडला तर मधोमध पांढरा, कच्चा ठिपका राहिला पाहिजे. दोन्ही दिसलं की गॅस बंद करा आणि मका त्याच पाण्यात ८ ते १२ तास झाकून ठेवा.

सकाळी पिवळं पाणी ओतून द्या आणि मका दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. साल सगळं निघायलाच हवं असं नाही. चुन्याचा बुळबुळीतपणा मात्र जायला हवा.

## टप्पा २: दळणं, दाबणं, भाजणं

पाटा-वरवंटा असेल तर या कामाला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण दाणा पाण्याशिवाय चिरडला जातो. त्याखालोखाल इडलीचा वेट ग्राइंडर. मिक्सरमध्ये करायचं तर चटणीच्या भांड्यात एकेक मूठ मका आणि एक ते दोन मोठे चमचे पाणी, थांबत थांबत फिरवा. पीठ रव्यासारखं लागलं तर चालेल, पण कण्या राहता कामा नयेत. मिक्सरचं पीठ बहुधा थोडं सैल होतं. त्यात मक्याचं कोरडं पीठ ३-४ मोठे चमचे मिसळा आणि ओल्या कापडाखाली २० मिनिटं ठेवा.

तपासा: लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबा. कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावून मळा. हाताला चिकटला तर कोरडं पीठ वाढवा. कडा अखंड आणि हात स्वच्छ राहिला की पीठ तयार.

३० ग्रॅमचे गोळे करा, १७-१८ होतील. जाड प्लास्टिकचे दोन चौकोन घ्या, दुधाची पिशवी धुऊन कापली तरी चालते. गोळा मधे ठेवून पुरीच्या मशीनमध्ये दाबा. मशीन नसेल तर पोळपाटावर ठेवून सपाट बुडाच्या जड ताटलीने दाबा. १३-१४ सेंटिमीटर रुंदी आणि जेमतेम २ मिलिमीटर जाडी हवी. लाटण्याने लाटू नका, कडा फाटतात. आपला हात भाकरी थापायला सरावलेला असल्यामुळे थापण्याचा मोह होतो, पण थापलेला टॉर्टिया जाड राहतो आणि पुढे गुंडाळताना मोडतो.

लोखंडी तवा पाण्याचा थेंब नाचेल इतका तापू द्या. पहिली बाजू २० सेकंद, उलटून दुसरी ५० ते ६० सेकंद, परत उलटून १५ सेकंद. शेवटच्या वेळी टॉर्टिया थोडा फुगतो. पहिली बाजू जास्त वेळ ठेवली तर कडा वाळतात आणि मग फुगवटा येत नाही. उतरवून जाड सुती कापडात एकावर एक रचा. शेवटचा भाजून झाला की घडी अर्धा तास बंद राहू द्या, मग मोकळी करा.

### चुन्याचा व्याप जमणार नसेल तर

२ वाट्या मक्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धा छोटा चमचा मीठ. यावर साधारण सव्वा वाटी उकळतं पाणी ओता, चमच्याने हलवून १० मिनिटं झाका आणि कोमट असतानाच मळा. ज्वारी जुनी झाली, भाकरी तुटायला लागली की पिठाला उकळतं पाणी देतात, तीच ही युक्ती. १२-१३ टॉर्टिया होतात. चव फिकी असते, पण गुंडाळता येतात.

पोळी मात्र वापरू नका. गव्हाची मऊ पोळी सॉस लागताच फुगते आणि दहा मिनिटांत तिचा चिकट थर होतो. मैद्याचे तयार रॅप हाताशी असतील तर ते कोरड्या तव्यावर ठिपके पडेपर्यंत भाजा, सॉसमध्ये बुडवू नका, आणि सॉस फक्त खालून-वरून घाला. जेवण चांगलंच होईल, पण त्यात मक्याची चव नसेल.

## टप्पा ३: लाल सॉस

मूळ पदार्थात ग्वाहियो आणि आंचो या जातींच्या वाळलेल्या मिरच्या असतात. रंगाला गडद, तिखटाला बेताच्या. आपल्याकडे त्यांच्या सर्वांत जवळ जाते ती ब्याडगी. तेजा, गुंटूर किंवा लवंगी घातली तर रंग येण्याआधी तिखट हाताबाहेर जातं. आंचोत मनुकांसारखी किंचित गोडी असते, ती आणायला थेट मनुकाच घाला.

साहित्य: ब्याडगी ४० ग्रॅम, टोमॅटो २ मध्यम, अर्धा कांदा, लसूण ४ पाकळ्या, मनुका ८-१०, जिरे अर्धा छोटा चमचा, ओरेगॅनो अर्धा छोटा चमचा, तेल ३ मोठे चमचे, मीठ, व्हिनेगर १ छोटा चमचा.

१. मिरच्यांची देठं काढा, उभ्या चिरून बिया झटका. मंद तव्यावर दोन्ही बाजू १५-२० सेकंद भाजा. वास सुटला की उचला. काळी पडलेली मिरची टाकून द्या, कारण एकच जळकी मिरची सगळा सॉस कडू करते.

२. गरम पाण्यात मनुकांसह २० मिनिटं भिजवा. टोमॅटो, कांदा आणि लसूण त्याच तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून घ्या.

३. भिजवलेलं पाणी चाखा. कडवट लागलं तर ओतून द्या आणि साधं पाणी घ्या. सगळं मिळून अगदी बारीक वाटा.

४. गाळा. ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते. ब्याडगीची साल मिक्सरमध्ये पूर्ण बारीक होत नाही. ती घशाशी कागदासारखी लागते. पिठाच्या चाळणीतून चमच्याने दाबत गाळा.

५. जाड बुडाच्या कढईत तेल तापवून वाटण एकदम ओता आणि ८-१० मिनिटं हलवत परता. रंग विटकरी व्हायला हवा आणि कडेने तेल दिसायला हवं. मग दीड ते दोन वाट्या पाणी किंवा चिकनचं पाणी घालून मंद आचेवर १० मिनिटं उकळा. मीठ आणि व्हिनेगर शेवटी. एकूण सॉस ४ वाट्यांच्या आसपास झाला पाहिजे.

तपासा: एक चमचा सॉस स्टीलच्या ताटलीत टाका आणि ताटली तिरकी करा. सॉसभोवती पाण्याची कड वेगळी झाली तर तो अजून आटवा. तो एकसंध सरकला आणि मागे लाल थर राहिला तर झाला. रश्शाइतका पातळ सॉस एन्चिलाड्याला चालत नाही, याबद्दल तडजोड करू नका.

सावध: लाल वाटण परतताना हात आपोआप येसरकडे किंवा काळ्या तिखटाकडे जातो. घालू नका. खोबरं, धने आणि दगडफूल आलं की पुढे कितीही चीज घाला, चव भाजीचीच येते. फारच वाटलं तर एक लवंग आणि बोटभर दालचिनीचा पाव तुकडा वाटणात चालेल; मेक्सिकोतही ते वापरतात.

ओरेगॅनोबद्दल एक खुलासा. पिझ्झाबरोबर येणारं ओरेगॅनो भूमध्य समुद्राकडचं, पुदिन्याच्या कुळातलं आहे. मेक्सिकन ओरेगॅनो वेगळ्याच झाडाचं असतं, वासाला जास्त उग्र. पिझ्झाचं वापरा, पण उकळताना घाला. वरून कोरडं भुरभुरलं तर एन्चिलाड्याला पिझ्झाचा वास लागतो.

## टप्पा ४: सारण

प्रत्येक एन्चिलाड्याला दोन मोठे चमचे, म्हणजे ३०-३५ ग्रॅम सारण पुरतं. १२ ला एकूण ४०० ग्रॅम. खालच्यांपैकी कोणतंही एक सारण निवडा.

राजमा. १५० ग्रॅम राजमा ८ तास भिजवा, ते पाणी टाका आणि ताज्या पाण्यात शिजवा. मराठवाड्यात बहुतेक घरांत बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. जड पाण्यात राजमा तासभर शिजवूनही आतून टणक राहतो, कारण पाण्यातला कॅल्शियम त्याची साल घट्ट करतो. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी वापरा. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काहीही राजमा मऊ होण्याआधी घालू नका. कुकरला एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग २० मिनिटं बारीक आचेवर.

सावध: कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा विषारी घटक असतो, तो खळखळ उकळल्यानेच नष्ट होतो. अर्धकच्चा राजमा ‘ओव्हनमध्ये होईल’ म्हणून भरू नका.

पाणी निथळून दोन-तृतीयांश राजमा ठेचा, बाकी अख्खा ठेवा. २ मोठे चमचे तेलात बारीक कांदा, लसूण आणि जिरे परतून त्यात राजमा घाला आणि कोरडा होईपर्यंत परता.

तपासा: कढईच्या मधून उलथन्याने रेघ ओढा. तळ दोन-तीन सेकंद उघडा राहिला पाहिजे. रेघ लगेच भरली तर अजून पाणी आहे.

चिकन. ४५० ग्रॅम बोनलेस, शक्यतो मांडीचं. छातीचं मांस दोनदा गरम झालं की भुसभुशीत लागतं. मीठ, लसूण आणि कांद्याबरोबर १५-२० मिनिटं मंद उकळा, त्याच पाण्यात कोमट होऊ द्या, मग हाताने धागे काढा. राहिलेलं पाणी सॉसला वापरा. धाग्यांना ३-४ मोठे चमचे सॉस चोळा, त्यापेक्षा जास्त नको.

पनीर-कांदा. सर्वांत सोपं आणि मेक्सिकोतल्या साध्या एन्चिलाड्याच्या सर्वांत जवळचं. तिथलं ताजं पांढरं चीज कुस्करून भरतात. ते वितळत नाही, पनीरही वितळत नाही. ३०० ग्रॅम पनीर कुस्करा, एक कांदा अगदी बारीक चिरा, मीठ. शिजवायचं काहीच नाही. फक्त पनीर पाण्यातलं असेल तर कापडात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवा.

ढोबळी मिरची, मशरूम आणि स्वीट कॉर्नच्या सारणाला मोठी आच, पसरट कढई आणि अगदी शेवटी मीठ. आधी मीठ पडलं की भाज्या पाणी सोडतात, आणि मग ते पाणी आटेपर्यंत भाज्यांचा रंग जातो.

## टप्पा ५: चीज

१२ एन्चिलाड्यांना २०० ग्रॅम पुरे. १३० ग्रॅम मोझरेला आणि ७० ग्रॅम प्रोसेस्ड चीज हे मिश्रण इथल्या बाजारात मिळणाऱ्या चीजमधून सर्वांत भरवशाचं ठरतं. मोझरेला ताणला जातो पण चवीला सौम्य. प्रोसेस्ड चीज खारट आणि मऊ वितळणारं, कारण त्यात चरबी आणि पाणी एकत्र धरणारे क्षार असतात. नुसतं प्रोसेस्ड घातलं तर वर जाड, खारट साय बसते. नुसता मोझरेला थंड होताच रबरी होतो.

लादी आणा आणि घरी किसा. तयार किसलेल्या चीजला दाणे चिकटू नयेत म्हणून स्टार्च लावलेलं असतं, त्यामुळे ते नीट एकजीव होत नाही. लादीवरचं साहित्यही वाचा: वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते दुधाचं चीज नाही, आणि गरम झाल्यावर तेल सोडतं. तालुक्याच्या गावी मोझरेला नसेल तर १०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज आणि १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर घ्या. तार येणार नाही, चव येईल.

चीज फ्रिजमधून काढल्या काढल्या किसा, मग २० मिनिटं बाहेर ठेवा. गार चीज वितळेपर्यंत खालचा टॉर्टिया भिजत बसतो. एप्रिल-मेमध्ये मात्र बाहेर ठेवू नका, किसाचा गोळा होतो. सॉसचं मीठ चीज धरूनच ठरवा.

## टप्पा ६: तेल, सॉस, गुंडाळी

सगळं हाताशी मांडा: डावीकडून टॉर्टिया, तेलाची कढई, कागद लावलेलं ताट, कोमट सॉसची पसरट थाळी, सारण, चीज, भाजायचं भांडं. भांड्याच्या तळाला आधीच ३ मोठे चमचे सॉस पसरून ठेवा. एकदा तळायला लागलात की मधे चाळणी शोधायला थांबता येत नाही.

पसरट कढईत तेलाचा अर्धा सेंटिमीटर थर मध्यम तापवा. टॉर्टियाचा तुकडा टाकला की लगेच बुडबुडे आले पाहिजेत, पण धूर नको. एकेक टॉर्टिया प्रत्येक बाजूने ५ ते ८ सेकंद. तो आधी मऊ पडतो. त्याच क्षणी काढा. तेलाचा पातळ थर बसल्यामुळे सॉस आत मुरायला वेळ लागतो. तळणं चवीसाठी नाही, अडसर म्हणून आहे. ‘कमी तेलात करू’ म्हणून हीच पायरी गाळली जाते आणि तिथेच लगदा ठरतो. तेल टाळायचंच असेल तर टॉर्टियाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावून गरम तव्यावर १५-१५ सेकंद ठेवा. अगदी तितकं नाही, पण बरंच साधतं.

जास्त वेळ ठेवला तर टॉर्टिया कडक होतो आणि गुंडाळताना चटकन मोडतो. मोडलेले बाजूला ठेवा, कॅसरोलला कामी येतील.

कागदावर निथळा, मग कोमट सॉसमध्ये दोन्ही बाजू बुडवून लगेच उचला. थाळीत सोडून दुसरं काम करू नका. ताटात पसरून मधोमध दोन चमचे सारण आणि चिमूटभर चीज, सैलसर गुंडाळी, आणि जोड खाली येईल असा भांड्यात ठेवा. एकाला एक चिकटून ठेवा म्हणजे उलगडत नाहीत.

तपासा: पहिले दोन भरल्यावर थांबा. गुंडाळी फाटते आहे? टॉर्टिया कमी तळला गेला किंवा तेल थंड आहे. मोडते आहे? जास्त तळला गेला. सारण दोन्ही टोकांनी बाहेर येतंय? कमी भरा. इथेच दुरुस्त केलं तर बाकीचे दहा वाचतात.

बारा झाले की मधल्या पट्ट्यावर उरलेला सॉस घाला. टोकं थोडी उघडी राहू द्या, ती भाजून कुरकुरीत होतात. वर चीज.

## टप्पा ७: भाजणं

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन): दोन्ही रॉड, १९० अंश सेल्सिअस, १० ते १२ मिनिटं आधी तापवा. भांडं मधल्या खणात. फॉइल झाकून ८ मिनिटं, काढून ६-७ मिनिटं. चीज वितळून कडेला बुडबुडे आले की बाहेर. वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. सारण आणि सॉस कोमट होते, त्यांना शिजवायचं काही उरलेलं नाही. भाजत असताना लाइट गेली तर दार उघडू नका. साठलेल्या उष्णतेत चीज बहुधा वितळतंच.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह: फक्त कन्व्हेक्शनवर, खालच्या जाळीवर, १८० अंश. फॉइल आणि स्टीलचं भांडं मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशन मोडमध्ये अजिबात नाही.

सावध: काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, आणि तापलेलं भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका. तडकतं.

ओव्हन नसेल तर काहीही अडत नाही. मेक्सिकोत बरेच एन्चिलाडा ओव्हनमध्ये जातच नाहीत: तळून, सॉसमध्ये बुडवून, भरून थेट ताटात, वरून कुस्करलेलं चीज आणि कच्चा कांदा. वितळलेलं चीज हवंच असेल तर जाड पसरट पॅनमध्ये रचा, पॅन तव्यावर ठेवा, मंद आच, झाकण, ६-८ मिनिटं. झाकणाची वाफ चीजवर टपकते, म्हणून झाकणाला आतून कापड गुंडाळा. कापडाची टोकं मात्र वर घेऊन गाठ मारा, खाली लोंबली तर पेट घेतील.

बाहेर काढल्यावर ५ मिनिटं थांबा, मग वाढा. आंबट क्रीमऐवजी चक्का चमचाभर दुधात सैल करून वाढताना वरून घाला. भाजायच्या आधी घातला तर फाटतो. सोबत बारीक चिरलेला कोबी, मुळ्याच्या चकत्या, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड.

## टप्पा ८: त्याच साहित्याचं चीज कॅसरोल

पाहुणे जास्त असतील आणि गुंडाळत बसायला वेळ नसेल तर थरांचं कॅसरोल सोपं, पण यात पाणी अडवणं जास्त महत्त्वाचं, कारण मधल्या थरांतली वाफ बाहेर पडत नाही. इथे टॉर्टिया तळण्याऐवजी वाळवा. १० टॉर्टियांचे प्रत्येकी दोन भाग करून मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. ते चिवट झाले पाहिजेत, कुरकुरीत नकोत. आदल्या दिवशीचे, मोडलेले, वाकडे, सगळे चालतात. ज्वारीची शिळी पातळ भाकरीही अशीच शेकून थरांत छान बसते. गुंडाळायला ती चालत नाही, थराला चालते.

२० सेंटिमीटरचं चौकोनी भांडं, ३ वाट्या सॉस, ५०० ग्रॅम सारण, २५० ग्रॅम चीज. तळाला सॉसचा पातळ थर. अर्ध्या टॉर्टियांची सरळ कड भांड्याच्या भिंतीला लावून पहिला थर, म्हणजे कोपरे रिकामे राहत नाहीत. त्यावर अर्धं सारण, पाऊण वाटी सॉस, एक-तृतीयांश चीज. दुसरा थर तसाच. तिसऱ्या थरात सारण नाही: टॉर्टिया, सॉस, उरलेलं चीज. एकूण उंची ५-६ सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, मधला भाग गार राहतो आणि वरचं चीज जळतं.

१८० अंशांवर फॉइल झाकून २० मिनिटं, उघडून १० मिनिटं. फॉइल चीजला टेकू देऊ नका, काढताना सगळा थर सोबत निघून येतो.

तपासा: मधोमध सुरी पाच सेकंद खुपसून काढा. पातं चटका देण्याइतकं गरम हवं. कडेला पातळ लाल पाणी साठलेलं दिसलं तर फॉइलशिवाय आणखी ५ मिनिटं.

मग १५ मिनिटं हात लावू नका. वितळलेलं चीज आणि सॉस या वेळात घट्ट होतात. लगेच कापलं तर थर सरकतात आणि ताटात ढीग पडतो, मग कितीही नीट रचलेलं असो.

## आधी करून ठेवायचं असेल तर

सॉस फ्रिजमध्ये ४-५ दिवस टिकतो, राजम्याचं सारण २ दिवस. रचलेले एन्चिलाडा मात्र भाजायच्या आधी रात्रभर ठेवू नका, तेलाचा थर असला तरी सॉस मुरतोच. कॅसरोल ४-५ तास फ्रिजमध्ये चालतं. भाजताना झाकून १० मिनिटं जास्त धरा, आणि काचेचं भांडं असेल तर आधी अर्धा तास बाहेर. उन्हाळ्यात शिजवलेलं चिकन किंवा राजमा ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका.

उरलेले एन्चिलाडा मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतात. तव्यावर थेंबभर तेल घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर ७-८ मिनिटं गरम करा. खालची बाजू पुन्हा कुरकुरीत होते.